वाकळीच्या चिंध्यांचा बेडूक

लातूरहून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. नातसुनेनं उचलला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडून विश्वनाथचा थोरला, शिवराज, म्हणाला, "आतोबा, बाबा गेले... सकाळी चहा मागितला आन् गेले." मी बरं म्हणलं. दुसरं काय म्हणणार? अर्ध्या गालाला साबण होता. आधी दाढी पुरी केली, मग नांदेडातून जीप ठरवली. निघताना पोरं म्हणत होती, आजोबा, तुमच्यानं एवढा प्रवास झेपायचा नाही, दर्शन व्हिडिओवर करा. विश्वनाथ माझा मामेभाऊ, आणि मामाची लेक मी केली म्हणून मेव्हणाही. एका वर्षात जन्मलेले आम्ही. त्याला माती द्यायला मी नसेन तर कोण?

आता महिना होऊन गेला. नातू म्हणाला, तुम्ही सांगा, मी नीट भाषेत लिहून देतो. म्हणलं, काही गरज नाही. चौथी शिकलोय, पण ती चौथी पक्की होती. माझ्या माणसाचं मीच लिहीन.

विश्वनाथला लातुरात लोक मास्तर म्हणून ओळखतात. आयुष्यभर शाळेत शिकवलं त्यानं. पण कुणी विचारलं की मास्तर, तुमचं शिक्षण किती, तर तो म्हणायचा, "पहिलं वर्ष चालू हाय." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा विनोदी आहे. तो विनोद नव्हता. ते कसं, तेच मला सांगायचं आहे.

उदगिरात टेसनाजवळ मामाची आडत होती. ज्वारी, तूर, करडी. मामी बाळंतपणात गेली, गावात कुणी डाक्टर नव्हता. तेव्हापासून मामाच्या डोक्यात एकच, पोराला डाक्टर करायचं. विश्वनाथ हुशार. मॅट्रिक झाल्यावर इंटरला जायचं, म्हणजे युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष, ते हैद्राबादला. निजामाचं राज्य, शिकणं सगळं उर्दूत. ज्याला पुढं डाक्टर व्हायचं त्यानं पहिल्या वर्षाला जीवशास्त्र घ्यायचं, त्याला तिथं हयातियात म्हणायचे. आमच्या सगळ्या गोतात तो शब्द पहिल्यांदा विश्वनाथच्या तोंडून आला. मामाला वाटायचं, डाक्टर म्हणजे नाडी धरायची आणि बाटली द्यायची. मधे काय काय कापावं लागतं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. उदगिरात तसं सांगणारं होतं तरी कोण?

पहिल्या सुट्टीला विश्वनाथ आमच्या गावी आला. आमचं गाव लोह्याजवळ, सडकेपासून आत. माझं लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळं तो मला दाजी म्हणायला लागला होता आणि मला ते फार आवडायचं. बाजेवर बसून त्यानं सगळा अभ्यास ऐकवला. पहिल्या वर्षाला झाडं, जनावरं तर आहेतच, वर रसायन आणि पदार्थविज्ञानही. मी म्हणलं, "जनावराचं शिकायचं तर शिशीतलं पाणी निळं-तांबडं कशाला करायचं रे?" तो म्हणाला, "दाजी, म्हशीच्या पोटात बी रसायनच चालू असतंय की." मग गाजर मागवलं. गाजराला चीर पाडून त्यात पान धरलं आणि माझ्याच वस्तऱ्यानं असा पातळ काप काढला की त्यातून पलीकडचं दिसावं. असे काप खुर्दबिनीखाली, म्हणजे बारकं मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, ठेवायचे आणि दिसेल ते काढायचं. चित्राला सावली द्यायची नाही, नुसते ठिपके. सावली दिली की मास्तर कागद फाडतो. "का?" मी विचारलं. "कारण सावली आपल्या मनाची असती, दाजी. ठिपका दिसला तरच द्यायचा." माझ्या वस्तऱ्याची धार गेली ती गेलीच. पण त्या दिवशी मला वाटलं, हे पोरगं लांब जाणार...

गेलं नाही. पुढच्या सुट्टीला तो घरी आला आणि अडकला. संस्थानाचं काय होणार ते कुणालाच कळत नव्हतं. सडकेवर भरवसा नाही, गाडीवर नाही. कॉलेजं ओस पडलेली. तरण्या पोरावर सगळ्यांचाच डोळा, ह्या बाजूचे म्हणायचे तू त्यांचा, ते म्हणायचे तू ह्यांचा. मामानं आडतीला कुलूप लावलं आणि बैलगाडीत बापलेक दोघं आमच्या गावी आले. विश्वनाथला गाडीत कडब्याखाली घालून आणला होता. उतरल्यावर तो शिंकत होता, आणि शिंका दाबायला मामा त्याच्या तोंडावर पागोट्याचं टोक धरत होता.

आमचं घर माळवदाचं. मातीच्या जाड भिंती, एक दार, आणि वर छताला उजेडासाठी साणं. दार बंद केलं की तेवढाच उजेड. विश्वनाथनं बाहेर पडायचं नाही असं ठरलं. गल्लीत नाही, विहिरीवर नाही, देवळात नाही. उजेडाचा चौकोन सकाळी एका भिंतीवर चढायचा, दुपारी जमिनीवर यायचा, संध्याकाळी दुसऱ्या भिंतीवर जाऊन विझायचा, आणि विश्वनाथ पुस्तक घेऊन त्याच्यामागं सरकत जायचा. पावसाळा गेला, सुगी गेली. मी शेतातून आलो की विचारायचा, "दाजी, आज बाहेर काय हाय?" मी म्हणायचो, "काय असणार? तेच." तर त्याला राग यायचा. "तेच म्हंजे काय? लिंबाला मोहर आला का? तळ्यावर कोन बसलंय?" मी उगाच काहीतरी ठोकून द्यायचो. तो लगेच पकडायचा, म्हणायचा, ह्या दिवसांत ते पाखरू नसतंच.

त्याला एकच काळजी. परीक्षा कधी ना कधी होणार, आणि प्रॅक्टिकलला समोर बेडूक येणार. बेडूक उताणा टाचायचा, पोट उघडायचं, आतलं सगळं जागच्या जागी दाखवायचं. हाताला सवय पाहिजे. सवय मोडली की पहिलं वर्ष गेलं, पहिलं वर्ष गेलं की डाक्टरकी गेली. त्यानं हत्यारांची पेटी बरोबर आणली होती. मी विहिरीवरून बेडूक आणून द्यायला लागलो. गोठ्यात दावणीमागं एक फळी टाकली. टाचण्या नव्हत्या, तर बाभळीचे काटे घेतले.

इथं एक सांगायला पाहिजे. आम्ही लिंगायत. बारशाआधी गळ्यात लिंग पडतं ते मातीत जाईपर्यंत उतरत नाही. रोज आंघोळ करून त्याची पूजा, मगच तोंडात घास. आणि आमच्यात मुंगी मारली तरी म्हातारी माणसं हळहळतात. हैद्राबादला विश्वनाथ काय करायचा, तर कापायच्या वेळी लिंगाची चांदीची डबी पाठीवर टाकायचा. तिनं बघू नये म्हणून, असं तो हसत सांगायचा. गोठ्यात त्या दुपारी तो विसरला. वाकून कापत होता आणि डबी पुढं येऊन बेडकावर लोंबत होती. मामा बैलाला पाणी दाखवायला आला आणि दारातच थांबला.

"हे काय करून राहिला?"

"अभ्यास, अप्पा."

"गळ्यात काय हाय तुझ्या?"

"लिंग."

"आन् हातात?"

मामा ओरडला नाही. परत आंघोळ केली, पूजा केली आणि जेवला नाही. आम्ही सगळे उपाशी. दुसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "लिंग उतरवून कापायचं म्हणशील तर तू माझा न्हाईस. लिंग ठिऊन कापायचं म्हणशील तर मी तुझा न्हाई."

मला राहवलं नाही. मी म्हणलं, "मामा, डाक्टर तुम्हालाच पाहिजे होता."

"डाक्टर मागितला होता, जावई. हे न्हाई मागितलं."

"ह्याच्याबिगर ते होत न्हाई."

"मग नगं होऊ."

झालं. बाहेर जायची वाट बंद होतीच, आता आतलीही बंद झाली. विश्वनाथ पुस्तक घेऊन उजेडामागं सरकायचा थांबला. उजेड जायचा, तो एका जागी बसून असायचा. मी त्याला चिडवून बघितलं, भांडून बघितलं. एकदा तर म्हणलं, बेडूक राहू दे, मलाच काप. तो म्हणाला, "तुमच्यात काय सापडायचं, दाजी? निस्ता हट्ट." तेवढंच हसला. माझी बायको गंगा हे सगळं बघत होती. भाऊ तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा, आई गेल्यावर तिनंच संभाळलेला. तसा मीही धाकटाच, पण मामाच्या लेकीचं वय कोण मोजतं? ती त्या दिवसांत वाकळ शिवत होती, जुन्या लुगड्या-धोतरांच्या चिंध्या भोवती पसरलेल्या. एका दुपारी तिनं सुई थांबवली आणि म्हणाली, "तुला कापायलाच पायजे ना? मग चिंधी काप."

आम्हा दोघांना काही समजलं नाही. ती म्हणाली, "बेडूक आतून कसा असतो सांग. मी शिवते."

असा बेडूक ह्या मुलखात कुणी केला नसेल. वरची कातडी हिरव्या इरकली लुगड्याची, पोट माझ्या धोतराचं. जिगर, म्हणजे यकृत, काताच्या रंगाच्या चिंधीचं, तीन पाकळ्यांचं. फुप्फुसाला कापूस भरलेल्या दोन पिशव्या. मेदा, म्हणजे जठर, एका वाकड्या पिशवीचा. आतडं नाड्याचं, पिळून पिळून बसवलेलं. रक्त नेणारी नळी ती शिरयान, तिला तांबडा दोरा. रक्त आणणारी वरीद, तिला निळा. आणि हृदय लाल खणाचं, करंगळीच्या पेराएवढं, आत तीन कप्पे. विश्वनाथ उजेडाच्या चौकोनात पुस्तक धरून सांगायचा, गंगा शिवायची, चुकलं की उसवायची. "गंगाक्का, मेदा डावीकडं घे." "कुनाच्या डावीकडं? तुझ्या का त्याच्या?" "त्याच्या." "मग तसं सांग की रं, त्याला उताना तूच पाडलायस." दोघांची अशी भांडणं चालायची. निरक्षर बाई, पण पाटा धुताना सुद्धा तिच्या तोंडी यायचं, आज वरीद तुटली, उद्या नवी घालते. मी म्हणायचो, "उर्दू शिकलीस, आता निजामाकडं नोकरीला जा." ती म्हणायची, "तुमच्या घरापरीस बरीच असंल."

रोजचा क्रम ठरला. दुपारी साण्याखाली उजेड आला की विश्वनाथ फळी मांडायचा. बाभळीच्या काट्यांनी चिंध्यांचा बेडूक टाचायचा, पोटाचे टाके कात्रीनं उसवायचा, चिमट्यानं एकेक बाजूला करत नावं घ्यायचा. संध्याकाळी गंगा सगळं जागच्या जागी घालून परत शिवून टाकायची. त्यानं उघडायचा, हिनं शिवायचा. त्याला शिवता यायचं नाही, आणि शिकलाही नाही. पोटाची कड उसवून उसवून झिरझिरीत झाली. मामा कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेला असायचा. बघायचा नाही, पण कान इकडं. एक दिवस उठला, आपल्या जुन्या पागोट्याची पट्टी टर्रकन फाडली आणि गंगाकडं टाकली. "त्याचं पोट फाटलंय. हे लाव." विश्वनाथनं वर बघितलं. मामा परत जपाला बसला होता.

पुढं राज्य गेलं. दारं उघडली. विश्वनाथ अंगणात आला तेव्हा उजेडानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तो कितीतरी वेळ लिंबाला धरून उभा होता. मग कधीतरी परीक्षेचं कळलं. मामा म्हणाला, "जा. कापायचं तर काप. पण लिंग गळ्यात राहील आन् म्होरं राहील. त्याच्या पाठीमागं काय करू नगस." मला ते बोलणं तेव्हा मोठं वाटलं. आता वाटतं, मामानं दार उघडलं आणि उंबऱ्यात स्वतःच उभा राहिला. पण वाईट माणूस नव्हता तो.

नांदेडहून रेल्वेनं मी त्याच्याबरोबर हैद्राबादला गेलो. लेखी पेपर चांगले गेले. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी बाहेर झाडाखाली बसलो होतो. बाकी पोरं हसत, हात पुसत बाहेर आली. विश्वनाथ सगळ्यांच्या शेवटी. नळावर हात धुतले, परत धुतले. म्हणलं, झालं? म्हणाला, झालं. परतीच्या गाडीनं मुदखेड गाठलं. मग खिडकीबाहेर बघत बोलला.

बेडूक गुंगी देऊन ठेवलेला होता. त्यानं टाचला, उघडला. "गंगाक्काची आन, दाजी, एक टाका चुकला न्हाई." कापाला तो टाकाच म्हणाला. सगळं जागच्या जागी निघालं. आणि हृदय चालू होतं. पहिल्या सहामाहीत त्यानं ते कितीदा पाहिलं होतं, बेडकाचं हृदय पोट उघडल्यावरही चालत राहतं, पुस्तकातच लिहिलंय. तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण आता इतके दिवस हाताला लाल खणाची सवय, जे कधी हललं नाही. तो वाकलेला, गळ्यातली डबी पुढं आलेली, त्याच्या स्वतःच्या छातीच्या ठोक्यानं हलत होती. खाली ते हलतंय, वर ही हलतीय... परीक्षक आला. "क्यों रुक गए मियाँ?" हा म्हणाला, "साहब, अभी चल रहा है." "अरे तो चलने दो, चलता ही है. आगे बढ़ो." पुढं तेच हृदय काढून दाखवायचं होतं. ह्यानं चिमटा खाली ठेवला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ते थांबेपर्यंत थांबलो."

"आन् थांबलं?"

"न्हाई, दाजी. घंटा झाली."

मी त्याला तिथंच चार गोष्टी सुनावल्या. अरे, आम्ही सगळे एवढे अडकून पडलो ते तू सुटावास म्हणून, आणि तू चिमटा खाली ठेवतोस? तो ऐकून घेत होता. मी आजही म्हणतो, त्यानं चिमटा उचलायला पाहिजे होता. आणि हेही म्हणतो, की सगळं बरोबर काढून दाखवलेल्या पोराला नापास करणाऱ्याला काही कळत नव्हतं. माझ्या दोन्ही म्हणण्यांचा मेळ बसत नाही असं नातू म्हणतो. नाही बसत तर नाही बसत.

परत बसता आलं असतं. पण तोवर तिथलं शिकणं उर्दूतून इंग्रजीत गेलं. शिरयान, वरीद, मेदा, जिगर, सगळं परत पहिल्यापासून, नव्या नावानं. वर तोच बेडूक आणि गळ्यात तीच डबी. मामानं आडत उघडली होती, त्यानं परत जा म्हणलं नाही, ह्यानंही काही मागितलं नाही. लातूरला शाळेत मास्तरची जागा मिळाली, लग्न झालं, पोरं झाली. चिंध्यांचा बेडूक तो घेऊन गेला. वर्षातून एकदा गंगा माहेरपणाला लातूरला जायची, तेव्हा हा पोट उसवून बसलेला असायचा. ती म्हणायची, म्हातारा झालास की रं, अजून पहिल्या वर्षालाच? आणि जाताना शिवून जायची.

आता लातूर बघा. सगळ्या मुलखाची पोरं डाक्टर व्हायला तिथं येऊन राहिलीत. विश्वनाथच्या माडीवरच्या खोल्यांतही तीच. पहाटे क्लास, दुपारी क्लास, खोलीचं दार बंद. तो जिन्यात खुर्ची टाकून बसायचा आणि येता-जाता त्यांना विचारायचा, "बाहेर काय हाय आज?" पोरं म्हणायची, काही नाही आजोबा, तेच. मागं मी गेलो होतो तेव्हा किनवटकडची एक पोरगी भाड्यानं राहत होती. तिला त्यानं विचारलं, बेडूक उघडलास का? ती म्हणाली, "आबा, आता बेडूक कापत नाहीत. बंद झालं. मोबाइलवर बघतो आम्ही." तिनं दाखवलं. बोट लावलं की पोट उघडतं, बोट काढलं की मिटतं. विश्वनाथ असा हसला, असा हसला की खोकला लागला, डोळे पुसत म्हणाला, "बघा दाजी, लई लौकर जन्मलो." मला काही हसू आलं नाही.

तीच आमची शेवटची भेट. निघताना खोलीत घेऊन गेला. खिडकीशी टेबलावर चिंध्यांचा बेडूक उताणा, उघडा. लाल खण विटून विटकरी झालेला, मामाच्या पागोट्याची पट्टी अजून पांढरी. मी म्हणलं, हा उघडा का? म्हणाला, "गंगाक्का गेल्यापासून उघडाच हाय. शिवणार कोन?" मी म्हणलं, सुनेला सांग, दोन मिनिटांचं काम. तो लगेच नको म्हणाला. "ऱ्हाऊ द्या, दाजी. लई दिवस मिटून होतं ते."

त्याला आमच्या रीतीप्रमाणं बसता करून माती दिली. डबीतून लिंग काढून तळहातावर ठेवलं. मी बघत होतो, ते हलतंय का. उगाच.

शिवराजनं विचारलं, आतोबा, बाबांचं काही पाहिजे का? मी बेडूक मागितला. जीपमधे मांडीवर ठेवून आणला, आतडं सांडू नये म्हणून वर रुमाल धरला. इथं माझ्या खिडकीत ठेवलाय, सकाळचं ऊन येतं तिथं. परवा दुपारी मला डोळा लागला होता, जाग आली तर नातसून सुईत दोरा ओवून त्याच्याशी बसलेली. पोरगी गुणाची आहे, तिला वाटलं आजोबांचं जुनं काहीतरी फाटलंय. मी ओरडलोच. ती घाबरली, म्हणाली, "आजोबा, आतलं सगळं बाहेर दिसतंय, धूळ बसती."

म्हणलं, बसू दे. पुसत जाईन मी.